शेवटची पायरी

"बाबा, आज बाळ उठलं ना, तर उद्या हा पियानो गोदामात," लेकीनं बजावलं आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. चार दिवस झाले, तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बाबा स्टुलावर अंग चोरून बसले. तीस वर्षं त्यांनी लोकांचे पियानो जिन्यांवरून उतरवले. हा एक कुणालाच नको झालेला, तो घरी आणला. नातवाला आपल्या हातानं अंगाई वाजवून निजवायचं, एवढीच हौस. पण पट्टीवर बोट पडायच्या आधी तोंडून सवयीनं "उचल" निघे, आणि सूर कपाट पडावं तसा पडे. दुसऱ्या ओळीला बाळ रडायला लागे.

शिकवायला येणाऱ्या बाई शेजारीच वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं होतं. पानावरून दव घसरतं तसं वाजवा. तळ्यात चांदणं उतरतं तसं.

"बाई, आमची नजर सगळा जन्म पायरीवर," बाबा ओशाळून म्हणाले. "दव कोण बघतंय?"

बाईंनी वही मिटली आणि जिन्याचंच विचारत बसल्या. वर कोण असतं, खाली कोण, वळणावर काय करता. बाबांची कळी खुलली. खाली आपण, वर जोडीदार, पट्टा खांद्यावर; वळणावर घाई नाही, श्वाससुद्धा बेतानं. सगळं हातवारे करून झालं.

"आणि शेवटच्या पायरीवरून खाली कसा ठेवता?"

"ठेवायचा नाही, बाई. ठेवला की आतली तार न् तार बोंबलते. आपण नुसतं धरून राहायचं. जमीन आपणहून वर येते आणि घेते."

"मग घेऊ दे तिला," बाई म्हणाल्या.

बाबांनी खांद्यावरचा नसलेला पट्टा सारखा केला. आज "उचल" म्हणाले नाहीत. पहिली ओळ पायरी पायरीनं उतरली, दुसरी वळणावर जरा थबकली. शेवटचा सूर त्यांनी धरून ठेवला, धरून ठेवला, जमिनीनं घेईपर्यंत.

आत चिडीचूप. दोघं चवड्यांवर चालत गेले आणि दाराच्या फटीतून डोकावले.

बाळ टक्क जागं होतं, मूठ चोखत, पुढच्या ओळीची वाट बघत. आणि पाळण्याच्या कडेवर गाल टेकून लेक गाढ झोपली होती, लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून.