मधल्या फळीवरचं बाळ

बाळ दुपारपासून रडत होतं आणि दुधाला तोंड लावत नव्हतं. मालिलू रडकुंडीला आली होती. तिची आई कुपी मात्र बघत होती जावयाकडे. तसिकाले झोपायच्या झोळीत पडला होता आणि त्याचे ओठ लालभडक दिसत होते.

"सरबत कुठलं प्यायलास?"

तसिकालेने मनगटाने ओठ पुसले. रंग काही गेला नाही. "पलीकडचं," तो म्हणाला.

पलीकडे म्हणजे नदीच्या त्या अंगाला, सुरिनामच्या काठावर, चिन्याच्या दुकानात. अलीकडचा, गावाचा काठ फ्रान्सच्या ताब्यातला, आणि गार सरबत गावात मिळत नाही. पण नव्या बापाने बाळाची बेंबी सुकेपर्यंत झोळी सोडायची नसते. कुऱ्हाड नाही, शिकार नाही, नदी तर नाहीच. बाळाचा जीव अजून अंगात रुजलेला नसतो, बाप जाईल तिकडे मागे मागे जातो. हे वायाना जमातीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तसिकालेलाही ठाऊक होतं. पण त्याच्या पायाला भिंगरी, आणि झोळीत पडून पडून पाठ आंबलेली.

"मोटर लावून गेलास?"

"पटकन जाऊन पटकन यायचं म्हणून, आत्या."

"वा, जावईबापू! तुमच्या मोटरीमागे माझं नातवंड धावणार कसं? बसलं असेल तिथेच, दुकानाच्या पायरीवर. जा, घेऊन ये. वल्ह्याने जा. आणि येताना हळू."

मालिलूने फक्त बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर तसिकालेला बरं वाटलं असतं.

दुकानाच्या पायरीशी दोघेतिघे बिअर पीत बसले होते. तसिकाले त्यांच्यासमोर उभा राहून आधी पुटपुटला. मग त्याने लाज सोडली.

"चल, बाळा. चुकलं माझं. आई वाट बघतेय."

पिणाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही. एकाने उठून वाट मोकळी केली. काठावर येऊन तसिकालेने वल्हं जमिनीवरून होडीत आडवं टाकलं. एवढासा जीव, पाण्यावरून उडी कशी मारणार? तो थांबला. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. आलंच नाही तर? बापावर रुसून तिथेच राहिलं तर? होडीतल्या बसायच्या मधल्या फळीवर ऊन होतं, म्हणून त्याने केळीचं एक पान तोडून होडीच्या दोन्ही कडांवर आडवं टाकलं, आणि निघाला. इतकं हळू त्याने आयुष्यात वल्हवलं नव्हतं.

नदीच्या मध्यावर गस्तीची बोट आली. पुढे फ्रान्सहून नुकताच आलेला एक तरुण शिपाई होता. मागे मोटर धरून ओपोया बसला होता, वरच्या गावचा, चार लेकरांचा बाप.

"किती जण?" शिपायाने ओरडून विचारलं.

"दोघं," तसिकाले म्हणाला.

शिपायाने होडीत पाहिलं. एक माणूस, एक फळी, फळीवर एक पान. "दुसरा कुठाय?"

ओपोयाने पान पाहिलं, सावकाश चाललेलं वल्हं पाहिलं, तसिकालेचं तोंड पाहिलं. त्याने मोटर बंद केली. लाट उठायची थांबली.

"जरा हळू बोला, साहेब," तो म्हणाला. "झोपलंय."

गस्तीची बोट तशीच, मोटरीविना, प्रवाहाबरोबर खाली वाहत गेली. वळणाआड जाईपर्यंत ओपोयाने मोटर सुरू केली नाही.

गावाच्या काठावर कुपी उभी होती. वरून रडणं अजून ऐकू येत होतं. ती गुडघाभर पाण्यात उतरली, पान बाजूला केलं, फळीवरून दोन्ही हातांनी काहीतरी अलगद उचललं आणि छातीशी धरून चढण चढू लागली. एक हात तिने मानेखाली धरला होता.

तसिकाले होडीतच बसून राहिला. थोड्या वेळाने वरचं रडणं थांबलं. मग मालिलूचा आवाज आला, "पितंय!"

होडी ओढायला उठावं म्हणून त्याने एक पाय बाहेर काढला. मग मागे वळून रिकाम्या फळीकडे बघितलं, आणि हळूच उतरला.