चोविसावं नाव

"आजोबा, आजीला आत्ताच काही बोलू नका हं. चारला मी येते आणि मीच विचारते," एवढं सांगून नातीनं फोन ठेवला, तेव्हा घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती.

खिळेआजोबा फोन हातात धरून तसेच उभे राहिले. जन्मभर छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून पानं तयार केली, म्हणून नातवंडांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं.

नात घराण्याचा इतिहास लिहीत होती. आजी-आजोबांच्या लग्नाला साठ वर्षं होणार, त्यासाठी एक छोटं पुस्तक. त्यातलं युद्धकाळातल्या प्रेमाचं प्रकरण घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. छापखान्यात खाली आजोबा खिळे जुळवायचे, वरच्या खोलीत आजी प्रुफं तपासायची. आजोबा ऱ्हस्वाचं दीर्घ करून ठेवायचे, म्हणजे ती केसांत पेन्सिल खोचून तणतणत जिना उतरेल.

"मुद्दाम करता की खरंच येत नाही?"

"खरंच येत नाही," आजोबा म्हणायचे, आणि ते निम्मं खरंही होतं.

विमानांचा भोंगा वाजला की दोघं कागदाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसायची. भीती विसरावी म्हणून आजोबा तिला उलटे खिळे वाचायला शिकवायचे. पुढे तिचा ठरलेला नवरा आघाडीवर पडला. तिच्या वडिलांनी त्या घराला दिलेला शब्द आपोआप सुटला आणि वर्षभरात या दोघांचं लग्न झालं. देवाच्या मनात होतं, असं सगळे म्हणत.

देवाचा त्यात काही हात नव्हता. हात आजोबांचा होता.

"सैन्याच्या कचेरीतून आलेली मूळ यादी मिळाली!" नात फोनवर आनंदानं सांगत होती. "मेलेल्यांची तेवीस नावं आहेत तिच्यात. आणि तुमच्या पेपरात छापलीत चोवीस! हे जास्तीचं नाव ज्याचं, तो माणूस कोण होता, हे आजीला बरोबर आठवेल."

न आठवायला काय झालं? त्या दिवशी यादी उशिरा आली होती. सांजचा अंक खोळंबला होता. "प्रूफबीफ काही काढू नका, पान थेट मशीनवर घ्या," मालक ओरडत होते. आजोबांनी तेवीस नावं जुळवली आणि मग चोविसावं जुळवलं. मग मशीनवाल्याला हाक मारायला म्हणून ते मागच्या अंगणात गेले आणि भिंतीला धरून ओकले. परत आले तोवर पान मशीनवर चढत होतं.

आजीच्या त्या ठरलेल्या नवऱ्याच्या आईनं पेपर वाचला आणि अंथरूण धरलं. महिन्याभरात ती गेली. युद्ध संपल्यावर तो कैदेतून सुटून आला, तेव्हा आजीच्या कडेवर थोरला होता. दारातच उभा राहून तो पाणी प्यायला.

"छपाईतली चूक," आजी त्याला म्हणाली.

"होतं असं," तो म्हणाला आणि निघून गेला. तो पुन्हा त्या गावात दिसला नाही. हे दोघांनी मुलांना कधी सांगितलं नाही.

आजोबांनी नातीला उलट फोन लावला. "आजी झोपलीय. उद्या ये."

"झोपू दे की. मी बसून राहीन."

त्यांनी दाराला आतून कडी घातली. मग स्वतःचीच लाज वाटून काढली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. डॉक्टरांनी तर गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, हिचं हृदय आता काही सोसणार नाही, धक्का बसेल असं एक अक्षर बोलू नका. सांगितलं तर ती जाणार. नाही सांगितलं तर नातीच्या तोंडून ऐकून, नवऱ्याला शिव्याशाप देत जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

साडेतीनला ते आतल्या खोलीत गेले. आजी उशांना टेकून बसली होती. नळी नाकाला, चष्मा डोळ्यांना, आणि औषधाच्या पुडक्यावरचा मजकूर वाचणं चालू.

"कुणाचा फोन?"

"नातीचा. चारला येतेय."

"मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंय?"

आजोबा पलंगाच्या कडेला बसले. तिचा हात हातात घेतला. त्या हाताचं आता वजनच लागत नव्हतं. "अगं, एक सांगायचंय. पण भीती वाटते."

"ती येईपर्यंत मी काही कुठे जात नाही. बोला."

आजोबांनी सांगितलं. यादी, तेवीस नावं, चोविसावं. "तो त्या यादीत नव्हताच. चूकबीक काही नव्हती. मी घातलं ते नाव. त्याची आई माझ्यामुळे गेली. तुला मी चोरून आणलं गं." एवढं बोलून त्यांनी तिच्या हातावर डोकं टेकलं आणि ते लहान मुलासारखे रडले. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. तो थांबेल या भीतीनं ते प्रत्येक श्वास मोजत होते.

मग तिनं दुसरा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"तुम्ही मागच्या अंगणात गेलात ना, तेव्हा मी खाली आले होते," ती म्हणाली. "यादी तिथेच होती, तेवीसच नावांची. तुम्ही दुसरी वेलांटी लावली होती. त्याच्या नावात पहिली आहे. तो खिळा मी बदलला."