अर्धं पाऊल मागे

शर्यत पायांनी नव्हे, मनानं जिंकली जाते, यावर दादाचा ठाम विश्वास होता. हा विश्वास त्याला कारखान्यात मिळाला होता. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कामगारांचा उत्साह वाढावा म्हणून तिथं एक वक्ता आणला होता. वक्ता दीड तास बोलला. जिना चढून आल्यामुळे पहिली दहा मिनिटं त्याला नुसती धाप लागली होती, पण दादानं ते मनावर घेतलं नाही.

मनावर घ्यायला त्याला बहीण होती.

बारकीला जन्मापासून दिसत नव्हतं. चौतीस वर्षांची, इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर, आणि पंधराशे मीटर धावणारी. धावताना तिच्या आणि दादाच्या बोटांत एका वीतभर दोरीची दोन टोकं असत. दादा तिचा सोबती. सोबत्यानं वळण सांगायचं, ओढायचं नाही आणि शेवटची रेष धावपटूच्या आधी ओलांडायची नाही, असा नियम. त्यासाठी दादा रेषेजवळ अर्धं पाऊल मागे राहायचा. नऊ वर्षांत त्याची इतकी सवय झाली होती, की हल्ली वेगळं काही करावं लागत नसे.

संघाची निवड आठवड्यावर आली होती. पाच मिनिटं वीस सेकंदांच्या आत धावायचं होतं. वय पाहता पुन्हा संधी मिळण्यातली नव्हती.

"किती?" सकाळचा सराव संपल्यावर बारकीनं विचारलं.

दादानं आधी पुरतं खोकून घेतलं. हातातल्या घड्याळात पाच तेहतीस होते.

"पाच चोवीस."

"अरे वा."

"सुधारतेयस."

गेले सहा महिने तो असे सेकंद खात होता. खेळाडूला खरा आकडा कळला की त्याचं मन खचतं, असं वक्त्यानं सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी हीच बारकी पाच अठरात धावली होती. मग काय बिघडलं? दादानं रात्रंदिवस विचार केला. बसून काम, दिवसभर कानाला फोन, वाढतं वय. पण मुख्य म्हणजे स्वभाव. तिसरी फेरी आली की ती स्वतःहून म्हणायची, "दादा, जरा हळू. मला झेपत नाही." आणि पुढच्या वळणावर चुकून लागलेल्या कुणाच्या तरी फोनची अख्खी हकिकत सांगायची. गप्पा मारायला दम आहे, म्हणजे कमी आहे ती जिद्द, असा निष्कर्ष दादानं काढला. तो स्वतः धावताना चकार शब्द बोलत नसे. एकाग्रता.

"तुला जिंकायची भूकच नाही, बारके."

"भूक आहे रे. घरी चल, दाखवते."

"चेष्टा नको. रविवारी जादा सराव करू."

"रविवारी ड्यूटी आहे."

"रविवारी?"

"माणसं रविवारीही आजारी पडतात, दादा."

सोमवारी त्यानं नेहमीप्रमाणे तिचे बूट झाडले. खाचांतून लाल मातीऐवजी निळे रबरी कण पडले. इस्पितळात नवी फरशी घालताहेत वाटतं, असं म्हणत त्यानं ते केरात लोटले. मग पुसून बूट जोडीनं ठेवले, डावा डावीकडे, तिच्या हाताला लागेल असा.

निवडीच्या दिवशी मोठं मैदान पाहून दादानंच बुटांच्या नाड्या दोनदा बांधल्या. गुळगुळीत निळी धावपट्टी, पांढऱ्या रेषा, कर्णा.

"चल, एक फेरी चालून येऊ. वळणं कळतील तुला."

"नको. जमेल मला."

दादाला भरून आलं. सहा महिन्यांची मेहनत, आज कुठं आत्मविश्वास दिसत होता.

पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीत दादाच्या छातीत कुणीतरी खिळे ठोकू लागलं. त्यानं दात आवळले. सोबत्यानं कच खाल्ली की संपलंच.

"हळू, दादा," बारकी म्हणाली. "मला झेपत नाही."

"धीर," तो कसाबसा म्हणाला. तेवढ्या एका शब्दाला त्याला अर्धं वळण लागलं.

रेषेवर ती अर्धं पाऊल पुढे होती. कर्ण्यावरून सगळ्या मैदानाला सांगितलं गेलं, पाच चौतीस. त्यातून काही खाता येण्याजोगं नव्हतं.

बाकावर बसल्यावर बारकीनं बाटली उघडली आणि आधी त्याच्यापुढे धरली.

"माझाच धीर सुटला," ती म्हणाली. "तू तरी काय करणार?"

"मन खंबीर लागतं, बारके."

"हो."

दोरी अजून बोटांतच होती.

"पण सकाळचं धावणं सोडायचं नाही हं," ती म्हणाली. "तू यायचंस."

"तुझ्यासाठी येईनच की," दादा मोठ्या मनानं म्हणाला. तिच्यावर रागावण्यात आता अर्थ नव्हता.

"म्हणून तर," ती म्हणाली.

तो तिच्या छातीवरचा क्रमांक परत करायला टेबलाकडे गेला. तिथल्या बाईंनी वहीत नाव शोधलं, बोट ठेवलं आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

"तुम्ही भाऊ का? बरं झालं भेटलात, तुम्हीच समजवा त्यांना. गेल्या रविवारी आमच्या सोबत्याबरोबर धावल्या होत्या इथं. संघात घेतच होतो, पण ऐनवेळी सहीच करेनात. धावेन तर भावाबरोबरच, म्हणाल्या."

त्यांनी वही त्याच्याकडे फिरवली. शेवटच्या रकान्यात वेळ लिहिली होती.

पाच मिनिटं अकरा सेकंद.