दुसरा प्रोसेसर

कळंबच्या आपल्या व्हिडिओच्या दुकानात मोनिकानं भंगारातले दोन स्वस्त प्रोसेसर एकाच बोर्डावर बसवले. व्हिडिओच्या विषम फ्रेम पहिल्यानं करायच्या, सम फ्रेम दुसऱ्यानं, ही वाटणी तिनंच लावून दिली.

"दोन अडाणी शेजारी-शेजारी बसवले की एक शहाणा होतो व्हय?" तिचा नवरा बालाजी हसला आणि जेवायला घरी गेला.

पहिला व्हिडिओ तिच्या धाकट्या बहिणीच्या, सोनालीच्या लग्नाचा होता. नवरदेव मंगळसूत्र घालत असताना पडदा लुकलुकला. मोनिकानं एकेक फ्रेम थांबवून पाहिली.

विषम फ्रेममध्ये सोनाली लाजून हसत होती. सम फ्रेममध्ये तेच काळे मणी तिच्या गळ्यात रुतले होते. पुढच्या सम फ्रेममध्ये आणखी खोल. त्यापुढच्या सम फ्रेममध्ये नवरदेवाचा गुडघा तिच्या पाठीत होता, शालूवर रक्त ओघळत होतं आणि मागं पाहुणे टाळ्या वाजवत होते.

तिनं मशीन बंद केलं, दुसरा प्रोसेसर उपटून टेबलावर ठेवला आणि मशीन पुन्हा चालू केलं. पडद्यावर दुसऱ्या प्रोसेसरच्या कामाचा आलेख तरीही चढतच होता.

तिनं येरमाळ्याला सासरी असलेल्या सोनालीला फोन लावला. तो सोनालीच्या नवऱ्यानं उचलला.

"सोनालीला द्या जरा."

"घसा बसलाय तिचा, ताई," तो धापा टाकत म्हणाला. "बोलता येईना."

पडद्यावर पुढची सम फ्रेम आली. त्यात तो एका हातानं मणी आवळत होता. दुसऱ्या हातानं त्यानं कानाला फोन धरला होता.