हवेशीर तंबू

शिखराखालच्या शेवटच्या मुक्कामावर रामकिशन तंबूत गारठून मेला. ते आपण आत्ता विसरू. तसं काही घडलेलं नाही. सध्या एप्रिल आहे, टळटळीत दुपार आहे, आणि नव्या जिल्ह्याच्या कचेरीमागच्या मैदानात रामकिशन एका पिवळ्या तंबूत घामाघूम होऊन बसला आहे.

बाहेर लिंबाच्या सावलीत व्यंकटराव खुर्ची टाकून बसले होते. जिल्ह्याला अजून स्वतःची इमारत नव्हती. तलावांत पाणी नव्हतं. पण हिमालयात झेंडा लावायला माणूस मात्र पाठवायचा होता, कारण ज्यातून हा फुटून निघाला त्या जुन्या जिल्ह्यानं आपला माणूस आधीच ठरवला होता. माणूस लगेच मिळाला. रामकिशन निलंग्याकडच्या एका शाळेत पी.टी. मास्तर होता आणि पहाड चढायचं रीतसर शिकून आला होता. राहिला तंबू. तो कोणत्या खात्यात बसतो हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी ते काम गुरांच्या छावण्या बघणाऱ्या व्यंकटरावांकडं आलं. छपराचा अनुभव असलेले जिल्ह्यात ते एकटेच.

व्यंकटरावांची पद्धत सरळ होती. छावणीचं छप्पर पास करण्याआधी ते भर दुपारी त्याखाली एक बैल बांधायचे. बैलाला धाप लागली, की छप्पर नापास. आज बैलाच्या जागी रामकिशन होता.

"धाप लागली का, मास्तर?"

"उकडायलंय साहेब. पण ह्यो तंबू उकडण्यासाठीच हाय."

"उकडून घ्यायला हिमालयात कशाला जायचं? ते इथं फुकट व्हायलंय की."

पिवळा तंबू दुहेरी कापडाचा होता. त्यात पाणी शिरत नाही असं त्याच्या पिशवीवरच छापलेलं होतं. ते वाचून व्यंकटरावांनी कपाळाला हात लावला. "गावोगाव लोक घागरी घेऊन बसलेत. अन् आपण पाणी परतवून लावणारी वस्तू घ्यायची? उद्याच मोर्चा येईल."

दुसरा तंबू निळा. चारही बाजूंना जाळीच्या खिडक्या. वारा एकीकडून शिरायचा, आतल्याची विचारपूस करायचा आणि दुसरीकडून निघून जायचा. रामकिशननं तो घडी उलगडायच्या आतच ओळखला.

"साहेब, ह्यो बागेत सहलीला टाकायचा तंबू हाय. चुकून आलाय."

"तुमचं मत कळालं. आता घरच्यांचं घेऊ." व्यंकटरावांनी मान वळवली. "मावशी, लेकरू तुमचं हाय. तुम्हीच सांगा."

मुलगा कुठं चाललाय ते बघायला कोंडाबाई त्याच्यासोबत गावाहून आली होती. आजवर कुठल्याच कचेरीत कुणी तिला तिची पसंती विचारली नव्हती. ती पदर खोचून उठली. पिवळ्या तंबूत गुडघ्यांवर शिरली, कापड आतून चाचपलं, बाहेरून चाचपलं, आणि तोंड पुसत बाहेर आली.

"दोन वाकळा एकावर एक शिवल्यावानी हाय. लेकरू शिजून मरंल यात."

मग ती निळ्या तंबूत गेली आणि बाहेरच येईना. थोड्या वेळानं आतून हाक आली.

"रामा, ये. डोकं टेक हितं."

मिशीवाला पी.टी. मास्तर निमूटपणे आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला. जाळीतून वारा आला. तिनं त्याच्या मानेवरचा घाम पदरानं टिपला.

"बघ कसं गार लागतंय. घामोळ्या उठत्यात तुला. लहानपणापासनं."

"माय, तिथं थंडी असती."

"दिवाळीवानी?"

"त्याच्याहून लई."

"मंग घे की. हितं कुठं मिळतीय थंडी?"

रामकिशननं जाळीतून व्यंकटरावांकडं बघितलं. व्यंकटराव म्हणाले, "पिवळा तर बादच झाला. हाही नापास करा, काही हरकत न्हाई. दुसरा मागवू. तो येईपर्यंत जुन्या जिल्ह्याचा माणूस वर झेंडा लावून खाली येतोय. मग तुम्हाला कोण पाठवणार?"

रामकिशननं डोळे मिटले. त्याला वर जायचं होतं. आणि वाराही खरंच छान होता.

"बरा हाय," तो म्हणाला. "मायची पसंती हाय."

मग सुरुवातीला जे घडलं नव्हतं, ते घडलं.

सांत्वनाला व्यंकटराव स्वतः गावात आले. प्रेत खाली आणणं शक्य नव्हतं. ते तंबूतच होतं, आणि तिथंच राहणार होतं. व्यंकटराव ओसरीवर टेकले. मग त्यांनी जमेल तेवढा धीर दिला.

"छावणीत बैल मेला, तर दुसऱ्या दिवशी जवळ थांबवत न्हाई, मावशी. मास्तर हायेत तसे हायेत म्हणे. चेहरासुदिक. शेवटी हवा खेळती राहिली, त्याचाच गुण." ते उठले. चपला घालता घालता म्हणाले, "तंबू तुमच्याच पसंतीचा होता."

"हाव," कोंडाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला गेली. तहसीलसमोर पत्र्याखाली बसणाऱ्या अर्जनविसाला तिनं काय पाहिजे ते सांगितलं. त्यानं दोनदा विचारून घेतलं, मग चष्मा पुसला आणि नेहमीच्या भाषेत लिहिलं:

"विषय: मुक्कामाची परवानगी मिळणेबाबत. महोदय, सदर तंबू अर्जदार हिने स्वतः पसंत केला असून, त्यामध्ये तिचा मुलगा झोपलेला आहे. तरी अर्जदारास सदर ठिकाणी, सदर तंबूत, मुलाशेजारी एक रात्र मुक्काम करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. वाकळा दोन अर्जदार सोबत आणेल."