शुद्धीचा दाखला

ललित बायकोला टाकून गेला, तरी ज्योत्स्ना सासऱ्यांजवळच राहिली. देवमनबाबांना बाळापूरचं घर तिच्या नावे करायचं होतं. मृत्युपत्राविना ते गेले, तर ललितनं तिला दुसऱ्याच दिवशी बाहेर काढलं असतं. वकिलांनी मसुदा केला, दोन साक्षीदारही तयार झाले. राहिला होता फक्त बाबांचं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला. त्यासाठी ती त्यांना अकोल्याला घेऊन आली.

"आजोबा, आज वार कोणता?"

"बुधवार."

"शंभरातून सात गेले?"

"त्र्यान्नव."

"मुख्यमंत्री कोण?"

"सकायचा सांगू का आताचा?"

डॉक्टर खळखळून हसले. ज्योत्स्नाही हसली.

"आता शेवटचं. या ताई तुमच्या कोण?"

"माही पोरगी."

डॉक्टरांनी केसपेपर पाहिला. तिथे 'सून' लिहिलं होतं.

"नीट पाहून सांगा."

"नीटच पाहून राहिलो. पोरगी हाय थे माही."

"बाबा, सून म्हना ना," ज्योत्स्ना रडकुंडीला आली. "पाया पडतो तुमच्या."

"काहून म्हनू?" बाबा तिच्यावरच खेकसले. "कोनाले भेतं तू?"

"ताई, त्यांना शिकवू नका," डॉक्टर म्हणाले आणि दाखला लिहायला लागले.



'रुग्ण जवळच्या माणसांना ओळखत नाही.'