पार्वतीबाईचं पान

प्रियंकानं वही गुंडेरावांच्या मांडीवर ठेवली आणि टोपण काढून पेन हातात दिलं.

"अप्पा, तासाभरात बौद्धाचार्य येतील. वंदना झाली की तुम्हालाच बोलायचंय. आईचं पान लिहून घ्या."

दारात मांडव घातला होता. टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या शेजारी पार्वतीबाईचा फोटो. जाऊन पाचवा दिवस. हळ्ळीखेडच्या या गल्लीत कुणी गेलं की जलदानविधीला आदरांजलीचं भाषण गुंडेरावांचं, हे वीस वर्षांत ठरूनच गेलं होतं. आदल्या दिवशी ते वही घेऊन त्या घरी जायचे. जन्म कुठला, लग्न कधी, लेकरं किती, कुठं राबला, शेवटी काय बोलला, एवढं विचारून मोठ्या, सुट्या अक्षरांत एक पान भरायचे. अक्षरं चाळिशीनंतर शिकलेली, म्हणून हात सावकाश चालायचा. घरच्यांना रडायला तेवढा वेळ मिळायचा.

या वेळी पानावर नुसतं नाव होतं. खाली कोरं.

"लिहवत नाही का?" प्रियंकानं वही परत घेतली. "मी विचारते, तुम्ही सांगा. जन्म?"

"नौबाद."

"लग्न?"

"दुष्काळाच्या साली. चौदावं लागलं व्हतं तिला."

"लेकरं?"

"तू आन् राजपाल. एक ऱ्हायलं न्हाई."

"कुठं राबली?"

"कुठं न्हाई राबली, ते इचार."

समोरच्या घरातली म्हाळसाबाई स्वयंपाकाचे कांदे चिरत उंबऱ्याशी बसली होती. धनगराची बाई, पार्वतीबाईची चाळीस वर्षांची शेजारीण. ती विळीवरून मान वर न करता म्हणाली, "ह्या वहीतलं एक एक पान ठावं हाय मला. आदल्या सांजंला गुंडेअण्णा चुलीम्होरं बसून वाचायचे, आन् अक्का भाकरी थापत ऐकायची. लोकायच्या आधी तिलाच ऐकवायचं. खोटं आलं की तिचा हात थांबायचा. त्या सुनीलकुमारच्या बापाचं पान आठवतंय का, अण्णा? तुमी लिवलाव, लई कष्टाळू माणूस. अक्का म्हणली, व्हय, लिंबाखाली झोपायचं बी कष्टच हाय की."

प्रियंकाला हसू आलं आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

"खोडलो मी ते," गुंडेराव म्हणाले. "लोकायला वाचून दावलो न्हाई."

"शेवटचं राहिलं, अप्पा. शेवटी काय बोलली? राजपाल दवाखान्यातून औषधाला खाली गेला होता, मी पोचले नव्हते. जवळ तुम्हीच होतात."

गुंडेराव मांडवाकडं बघत राहिले.

"पाणी मागितली," ते म्हणाले.

प्रियंकानं तसं लिहिलं.

पाणी तिनं मागितलं नव्हतं. बिदरच्या दवाखान्यात, खाटेची लोखंडी कड धरून, ती म्हणाली होती, "समद्यांचं वाचून दावलाव. आता माजं वाचा. मला ऐकायचं हाय." गुंडेरावांना भीती वाटली होती. आपण तोंड उघडलं की हिचं मरण खरं होईल, असं काहीतरी वाटलं. ते म्हणाले होते, "वंगाळ बोलू नगंस. घरी जायचंय आपल्याला." तिनं भिंतीकडं तोंड केलं. पुन्हा काही मागितलं नाही.

बौद्धाचार्य आले. त्रिशरण, पंचशील झालं. मेणबत्त्या लागल्या. करजगीहून आलेल्या पाहुण्यांनी फुलं वाहिली. राजपालनं माईक हातात घेतला, "आता आमचे अप्पा..." एवढंच त्याला जमलं. त्यानं माईक आणि वही दोन्ही वडिलांकडं दिली.

गुंडेराव उभे राहिले. चष्मा नीट केला. अक्षर लेकीचं होतं, बारीक आणि जोडून लिहिलेलं, त्यामुळे वाचायला वेळ लागत होता.

"पार्वतीबाई. जन्म नौबाद. लग्न दुष्काळाच्या साली. लेकरं तीन, हयात दोन. आयुष्यभर राबल्या. शेवटी..."

मांडव ऐकत होता. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी खोकलं.

"शेवटी पाणी," गुंडेराव म्हणाले आणि थांबले.

"वाचा की, अण्णा," बायकांतून म्हाळसाबाई हळूच म्हणाली.

"हे खोटं हाय." त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली. "ती पाणी मागितली न्हाई. माजं पान वाचा म्हणली. मी वाचलो न्हाई."

प्रियंका जागेवरून अर्धी उठली. राजपालनं माईकसाठी हात पुढं केला, पण गुंडेरावांनी माईक सोडला नाही. त्यांनी मान वळवली. आता ते माणसांकडं बघत नव्हते, फोटोकडंही नाही. मांडवाच्या कापडाकडं कुठंतरी बघत होते.

"तिचं पान लिवावं लागत न्हाई मला. पाठ हाय. पन्नास वरसांचं हाय. ती मागितली तवा दिलो न्हाई." त्यांचा आवाज चढला नाही. "आता तुमाला कामून ऐकवू?"

एवढं बोलून ते होते तिथंच, टेबलाच्या पायाशी, खाली बसले. माईक त्यांच्या हातात चालूच राहिला. तो बंद करायला कुणी पुढं गेलं नाही, आणि कर्ण्यातून गल्लीभर बराच वेळ एका म्हाताऱ्या माणसाचा नुसता श्वास ऐकू येत होता.